न थांबणारी डिस्क : प्रस्तावना

पोंभुर्ण्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणकाच्या डिस्कची आठवण होते ती बहुधा ती बिघडल्यावरच. तहसील कचेरी, पंचायत समिती, बँकेची शाखा, दाखले काढून देणारी सेवा केंद्रे अशा ठिकाणी जी यंत्रे कामाला जुंपलेली असतात त्यांपैकी एखादे मध्येच गप्प झाले, की घाटकुळहून सकाळच्या एस. टी.ने आलेल्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खिडकीशी ताटकळलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ किंवा ‘लिंक नाही’ यांपैकी एक उत्तर मिळते, आणि ते अंतिम मानून तो परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो. दोष डिस्कचा होता, डिस्क चालविणाऱ्या ड्रायव्हरचा होता, की त्या ड्रायव्हरला पोटात वागविणाऱ्या कर्नेलचा होता, हा प्रश्न खिडकीच्या बाहेर कोणी विचारीत नाही आणि आतही क्वचितच विचारला जातो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, एवढीच त्यावरची सार्वत्रिक तजवीज. ज्या मुलखात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या बस्त्यांवर बांबू, जळाऊ लाकूड आणि चराई यांचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या तोलले गेले, त्या मुलखाला नोंद गहाळ होण्याचे गांभीर्य निराळे पटवून द्यावे लागत नाही. परंतु तीच नोंद आता डिस्कवर राहू लागली असताना ती तेथे कशी पोचते, वाटेत कोठे अडते आणि अडली तर शोध कसा घ्यावयाचा, याचे विवेचन मराठीत फारसे आढळत नाही, आणि ती उणीव काही अंशी भरून काढावी एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

त्या शोधाचे मुख्य साधन म्हणजे कर्नेल डीबगर. एखादा साधा प्रोग्रॅम तपासावयाचा असतो तेव्हा डीबगर आणि प्रोग्रॅम हे दोघेही कर्नेलच्या अंमलाखाली असतात. कर्नेल प्रोग्रॅमला थांबवितो, डीबगरला त्याच्या मेमरीत डोकावू देतो, आणि डीबगरला काही फाइल उघडावयाची असेल तर तीही डिस्कवरून आणून देतो. तपासावयाचा विषय खुद्द कर्नेलच असेल तर ही सर्व सोय एका क्षणात नाहीशी होते. जो थांबवावयाचा तोच थांबविणारा, आणि ज्याच्यावर संशय तोच फाइली आणून देणारा, अशी विचित्र अवस्था निर्माण होते. यास्तव कर्नेल डीबगरचे दोन तुकडे करतात: एक लहानसा तुकडा कर्नेलच्या आत दबा धरून बसतो, आणि उरलेला सर्व संसार, म्हणजे चिन्हांचा कोश, मूळ प्रोग्रॅमच्या ओळी, माणसाशी संभाषण, हा दुसऱ्या यंत्रावर मांडला जातो.

आतल्या तुकड्याची कृती पाहण्यासारखी आहे. इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसरावर ज्या सूचनेपाशी थांबावयाचे तिचा पहिला बाइट काढून त्या जागी ‘सीसी’ हा सोळाच्या पायातील बाइट लिहितात. प्रोसेसर तेथे पोचला की अपवाद उद्भवतो आणि ताबा डीबगरकडे येतो. ताबा येताच डीबगर उरलेल्या प्रोसेसरांना ज्याला नकार देता येत नाही असा इंटरप्ट पाठवून एकेका रिकाम्या फेऱ्यात अडकवून ठेवतो, आपल्या प्रोसेसरावरचे इंटरप्ट बंद करतो आणि मग निवांतपणे मेमरी वाचू लागतो. वरिष्ठांच्या तपासणीसाठी कचेरीतील सर्व कारकुनांना लेखण्या खाली ठेवावयास लावावे, पण दाराशी येणारे टपाल मात्र कोणीच थोपवू नये, तशी ही व्यवस्था आहे. डीबगरचा हुकूम प्रोसेसरांवर चालतो. डिस्कच्या कंट्रोलरात स्वतःचा निराळा प्रोसेसर असतो, त्याला या तपासणीची वर्दी कोणी दिलेली नसते, आणि थांबण्यापूर्वी त्याच्याकडे गेलेले हुकूम तो इमानाने पार पाडीत राहतो. थांबलेले यंत्र ही म्हणून एक अर्धसत्य कल्पना आहे, आणि ड्रायव्हरच्या तपासात होणारे बहुतेक घोटाळे ते अर्धसत्य पूर्ण मानल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

ही गोष्ट एके ठिकाणी जवळून पाहिलेली बरी. १ मार्च २०११ रोजी ज्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली त्या एनव्हीएमई मानकानुसार चालणाऱ्या डिस्कशी कर्नेलचा व्यवहार मेमरीतील रांगांच्या जोडीमार्फत होतो: एका रांगेत ड्रायव्हर हुकूम लिहितो आणि दुसरीत डिस्क त्यांच्या पूर्ततेची पोच लिहिते. हुकूम लिहून झाल्यावर ड्रायव्हर ‘डोअरबेल’ नावाच्या रजिस्टरात रांगेचा नवा शेवट नोंदवितो, आणि ही नोंद होईपर्यंत डिस्कला त्या हुकुमाची वार्ताही नसते. पोचेची प्रत्येक नोंद १६ बाइटांची. तिच्या शेवटच्या चार बाइटांपैकी खालचे १६ बिट हुकुमाचा क्रमांक सांगतात, त्यांच्या लगत वरचा एक बिट नोंद ताजी आहे की शिळी हे सांगतो, आणि त्यावरच्या बिटांत निकाल असतो. रांग आरंभी शून्यांनी भरलेली असल्यामुळे पहिल्या फेरीत ताज्या नोंदीचा हा बिट १ असावयाचा. आता ५ क्रमांकाचा हुकूम रांगेत लिहिला गेला आहे आणि डोअरबेलमध्ये लिहिणारी सूचना अजून व्हावयाची आहे, अशा ठिकाणी यंत्र थांबवून पोचेची पुढची रिकामी जागा पाहिली तर तेथे शून्येच दिसतात, आणि घटका दोन घटका थांबले तरी शून्येच दिसत राहतात. मग डीबगरकडून ती एकच सूचना पार पाडून पुन्हा थांबावे आणि तीच जागा पुन्हा वाचावी. तेथे ०००१०००५ असे आकडे उमटलेले आढळतात: क्रमांक ५, नोंद ताजी, निकाल निर्दोष. कोणत्याही प्रोसेसराने त्या जागेला स्पर्श केलेला नाही. डिस्कने मेमरीत परस्पर लिहिण्याचा आपला अधिकार बजावला, एवढेच घडले. आणि त्या पोचेबरोबर आलेला इंटरप्ट आता ताटकळत उभा आहे.

या परस्पर लेखनाचा एक परिणाम असा, की मेमरीतील एखादी जागा कोण बिघडवितो हे पकडण्यासाठी प्रोसेसरात ज्या पहारा-चौक्या असतात (इंटेलच्या घराण्यात त्या चारच आहेत), त्यांना डिस्कने केलेला बिघाड दिसत नाही. पहारा प्रोसेसराच्या स्वतःच्या ये-जा करण्यावर असतो, डिस्क तर दुसऱ्याच वेशीतून आत येते. एखादा ड्रायव्हर डिस्कला चुकीचा पत्ता देऊन बसला आणि डिस्कने तेथे प्रामाणिकपणे ४,०९६ बाइट ओतले, तर पहारा-चौकी अखेरपर्यंत मौन पाळते, आणि नवशिका तपासनीस ‘येथे कोणी आलेच नाही’ असा निष्कर्ष काढून भलत्याच दिशेला निघून जातो.

परंतु खरी अडचण काळाची आहे. डिस्ककडे पाठविलेल्या प्रत्येक हुकुमाला मुदत असते. लिनक्समध्ये स्कझी पद्धतीच्या डिस्कसाठी आणि एनव्हीएमईसाठीही ती सामान्यतः ३० सेकंदांची असते. माणूस डीबगरसमोर बसून विचार करू लागला म्हणजे ३० सेकंद कोठल्या कोठे जातात. यंत्र पुन्हा चालू होताच कर्नेलचे घड्याळ मधला काळ एकदम भरून काढते, आणि ज्यांच्या मुदती या झोपेत उलटल्या ते सर्व हुकूम थकबाकीदार ठरण्याच्या बेतात येतात. डीबगरच्या कर्त्यांनी या प्रसंगाचा विचार केला नाही असे नाही: यंत्र चालू करताना कर्नेलमधील जे पहारेकरी ‘प्रोसेसर गोठला’ अशी बोंब ठोकतात त्यांची समजूत डीबगर आधीच काढून ठेवतो. डिस्कच्या मुदतींना मात्र कोणी हात लावीत नाही. मग पोच घेऊन आलेला इंटरप्ट आधी रुजू होतो की मुदत संपल्याची हाकाटी आधी होते, यावर पुढचे सगळे अवलंबून. एनव्हीएमईचा ड्रायव्हर या बाबतीत शहाणा निघाला. मुदत संपली म्हणून कारवाई करण्यापूर्वी तो पोचेच्या रांगेत एकवार स्वतः डोकावतो, आणि पोच सापडली तर ‘टाइमआउट, कम्प्लीशन पोल्ड’ अशा अर्थाची एक ओळ लॉगमध्ये टाकून विषय मिटवितो. स्कझीच्या जगात खरोखरच न उत्तरलेल्या हुकुमासाठी पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी शिक्षा आहे: प्रथम हुकूम रद्द, मग उपकरण रिसेट, मग बस, मग खुद्द कंट्रोलर, आणि इतकेही निष्फळ ठरले तर डिस्क ऑफलाइन. डिस्क अशी काढून घेतली गेल्यावर वरची फाइल-व्यवस्था लेखन थांबवून केवळ वाचनापुरती उरते, आणि ज्या दोषाचा शोध घ्यावयाचा होता त्याच्याऐवजी आपणच निर्माण केलेल्या दोषाची चौकशी पुढ्यात येऊन पडते.

अनेक यंत्रे मिळून एकच डिस्क वापरीत असतील तर प्रकरण याहून गंभीर होते. अशा समूहातील यंत्रे एकमेकांच्या नाडीची चाहूल घेत असतात. डीबगरने थांबविलेल्या यंत्राची नाडी लागेनाशी झाली की इतरांच्या दृष्टीने ते मेलेले असते. मेलेल्याने अचानक उठून जुने लेखन डिस्कवर टाकू नये म्हणून बाकीचे त्याची नोंदणी डिस्कवरून खारीज करतात, आणि मग जागे झालेल्या यंत्राचे लेखन डिस्क स्वतःच नाकारते. व्हेरिटास या कंपनीच्या समूह-प्रणालीत ही ‘फेन्सिंग’ स्कझी-३ च्या कायम आरक्षणांवर उभारलेली आहे. व्हेरिटासचे नाव येथे केवळ उदाहरणादाखल घेतलेले नाही. ते पुढे पुन्हा येईल.

पाहणे हीच ज्यात ढवळाढवळ ठरते असाही एक वर्ग आहे. जुन्या एटीए पद्धतीच्या डिस्कचे स्थिती-रजिस्टर परंपरेने १एफ७ या पोर्टवर असते, आणि ते नुसते वाचले तरी डिस्क आपला प्रलंबित इंटरप्ट मागे घेते, कारण वाचणारा ड्रायव्हरच असणार आणि त्याला वर्दी पोचली, असे ती समजते. तपासनिसाने कुतूहलाने तेथे डोकावले, तर ज्या वर्दीसाठी ड्रायव्हर खोळंबला होता ती कायमची गेली. याच मानकात ३एफ६ वर त्याच स्थितीची दुसरी प्रत ठेवलेली आहे, ती वाचल्याने काही हलत नाही. मानक लिहिणाऱ्यांची ही दूरदृष्टी ज्याला ठाऊक नाही त्याने डिस्कच्या रजिस्टरांना हात न लावणे बरे. विंडोजच्या डीबगरात हाच विषय निराळ्या रूपाने भेटतो. तेथे कर्नेलच्या मेमरीचा काही भाग डिस्कवर हलविलेला असू शकतो; तो पाहू गेल्यास आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते, कारण तो आणावयाचा तर डिस्क हवी, डिस्क हवी तर ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर तर थांबलेला. त्यासाठी ‘पेजइन’ नावाची आज्ञा आहे, पण तिचा खरा अर्थ यंत्राला क्षणभर चालू देऊन मग पुन्हा पकडणे एवढाच.

डीबगरने डिस्कची मदत घ्यावयाची नाही, इंटरप्टची घ्यावयाची नाही, आणि थांबण्याच्या क्षणी कोणी कुलूप लावून बसला असेल तर त्या कुलपाचीही वाट पाहावयाची नाही, असे ठरल्यावर त्याच्या हाती उरते काय? बहुधा एक सीरियल पोर्ट आणि एक केबल. तेथे बाइट आला की नाही हे इंटरप्टची वाट न पाहता वारंवार विचारीत राहावे लागते. संभाषणाची भाषाही अशीच काटकसरीची: डॉलरचे चिन्ह, मजकूर, हॅशचे चिन्ह आणि दोन अंकी तपासबेरीज. सर्व रजिस्टरे मागणारा निरोप म्हणजे एकटे ‘जी’ हे अक्षर, आणि त्याची बेरीज ६७, कारण सोळाच्या पायात त्या अक्षराचा संकेतांकच ६७ आहे. सेकंदाला १,१५,२०० बिटांच्या या वाटेवरून प्रचंड क्षमतेच्या डिस्कचे ड्रायव्हर तपासले गेले आहेत व अजूनही जातात. ही दैन्यावस्था नसून हेतुपुरस्सर पत्करलेले व्रत आहे, हे एकदा उमगले म्हणजे कर्नेल डीबगरच्या रचनेतील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

लिनक्समध्ये हे व्रत चालविणाऱ्या ‘केजीडीबी’ची वंशावळ त्याच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर नोंदलेली आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकाने ती फेरफाराच्या नोंदवहीसारखी एकदा सावकाश वाचावी. मूळ कर्ते म्हणून डेव्हिड ग्रोथ आणि टिग्रन ऐवाझियन यांची नावे आहेत. त्याही मागे सिग्नसचे जिम किंग्डन आणि लेक स्टीव्हन्स येथील उपकरण-विभागाचे ग्लेन एंजेल यांचा उल्लेख आहे. हक्काच्या रकान्यात २००० आणि २००१ या सालांसमोर व्हेरिटास सॉफ्टवेअरचे नाव आहे. पुढे २००३-०४ साठी अमित एस. काळे यांचे, आणि २००४ ते २००६ साठी पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे. व्हेरिटास ही डिस्क-व्यवस्थापनाच्या आणि फाइल-व्यवस्थेच्या सॉफ्टवेअरवर उभी राहिलेली कंपनी, आणि तिचे मोठे विकासकेंद्र पुण्यातच होते. ज्यांचा धंदाच कर्नेलच्या आत राहून डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांचा, त्यांना डिस्कवर विसंबून न राहणारा डीबगर हवासा वाटणे स्वाभाविकच होते. तशी गरज शब्दांचे संपादन करणाऱ्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांना भासली नसती.

तरीही अधिकृत लिनक्समध्ये या डीबगरला प्रवेश मिळावयास फार काळ लागला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००० च्या सप्टेंबरात आपल्याला डीबगर आवडत नाहीत असे निःसंदिग्धपणे लिहिले होते. डीबगर हाताशी असला की माणूस विचार करण्याचे टाळतो आणि रोगाऐवजी लक्षणावर उपाय करतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. वर्षानुवर्षे केजीडीबी म्हणजे ज्याला हवा त्याने आपल्या हाताने जोडून घ्यावयाचा एक पॅच राहिला, आणि जेसन वेसल यांच्या पाठपुराव्याने तो २.६.२६ या आवृत्तीत, जुलै २००८ मध्ये, आत घेतला गेला. एसजीआय कंपनीत वाढलेला ‘केडीबी’ २.६.३५ मध्ये, २०१० साली, त्याला येऊन मिळाला. टोरवाल्ड्स यांचे म्हणणे मला निम्मे पटते. कर्नेलचा जो भाग केवळ तर्काने बनलेला आहे, त्यातील दोष मूळ ओळी पुन्हा पुन्हा वाचून सापडावा हे इष्टच. पण डिस्कचा ड्रायव्हर ज्याच्याशी बोलतो त्या फर्मवेअरच्या ओळी ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हाती नसतात. समोरचा पक्ष मानकात लिहिल्याप्रमाणे वागला की नाही, हे घरी बसून मानक वाचून कळत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष स्थळी जाऊन जबानी घ्यावी लागते.

कर्नेल कोसळल्यानंतर त्याच्या मेमरीची नक्कल जतन करावयाची म्हटली, की डिस्कवर विश्वास ठेवावयाचा की नाही हा प्रश्न टोकाला जातो, कारण येथे तर डिस्कवर लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. आरंभीच्या योजनांनी कोसळलेल्याच कर्नेलच्या ड्रायव्हरकडून लिहून घेण्याचा प्रयत्न केला. ज्या ड्रायव्हरने कर्नेल पाडला त्यालाच पंच नेमण्यासारखा हा प्रकार होता. विंडोजने निराळा मार्ग काढला: डिस्कच्या ड्रायव्हरची एक दुसरी प्रत ‘डंप’ हा उपसर्ग लावून आधीच मेमरीत ठेवावयाची, लिहावयाच्या जागेचा नकाशाही आधीच काढून ठेवावयाचा, आणि संकट आले की फाइल-व्यवस्थेला वळसा घालून, इंटरप्टशिवाय, या राखीव प्रतीकडून लिहून घ्यावयाचे. लिनक्सचा ‘केडंप’ याहून धाडसी आहे. तो २.६.१३ या आवृत्तीत, २००५ साली आला, आणि त्याच्या घडणीत आय. बी. एम.च्या बंगळूर येथील विवेक गोयल प्रभृतींचा वाटा मोठा होता. त्यात यंत्र सुरू होतानाच मेमरीचा एक तुकडा बाजूला काढून तेथे एक संपूर्ण दुसरा कर्नेल तयार ठेवतात. पहिला कोसळला की दुसरा त्या राखीव जागेत उठतो आणि स्वतःच्या ताज्या ड्रायव्हरने डिस्क चालवितो. जुन्या कर्नेलने दिलेले हुकूम पाळत डिस्क मेमरीत लिहीतच असते, पण ते लेखन जुन्या पत्त्यांवर पडते, राखीव जागेत नाही. म्हणूनच नवीन ड्रायव्हरचे पहिले काम उपकरण रिसेट करून त्याला गतस्वामीच्या हुकुमांतून मोकळे करणे हे असते. जे ड्रायव्हर उपकरण स्वच्छ अवस्थेतच मिळेल असे गृहीत धरतात, ते येथे हमखास अडखळतात.

आता या पुस्तकाच्या उपयोगाविषयी थोडेसे. पुण्याचे विकासकेंद्र पोंभुर्ण्यापासून फार दूर आहे, आणि डिस्कच्या कंट्रोलरांनी भरलेली प्रयोगशाळा चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला सहजी लाभणारी नाही. परंतु या विषयाच्या अभ्यासाला इंटरनेटदेखील सतत लागत नाही. एका लॅपटॉपवर क्यूईएमयू हे आभासी यंत्र चालवून त्यात लिनक्स उभा केला, आणि क्यूईएमयूच्या १२३४ क्रमांकाच्या पोर्टाला जीडीबी हा डीबगर जोडला, की पहिल्या पाच प्रकरणांतील सर्व प्रयोग करता येतात. मात्र या सोयीची एक किंमत आहे. आभासी यंत्र बाहेरून थांबविले असता क्यूईएमयू डिस्ककडे गेलेले हुकूम आधी पुरे करून घेतो आणि यंत्राचे आभासी घड्याळही थांबवितो. म्हणजे तेथे थांबणे हे खरोखरच थांबणे असते. मुदती उलटत नाहीत, आणि झोपेत उलटलेल्या मुदतीपायी कोणतीही डिस्क ऑफलाइन जात नाही. असा अभ्यास करून प्रत्यक्ष यंत्राकडे वळलेल्या मनुष्याची पहिल्याच दिवशी फसगत होते, म्हणून सहाव्या प्रकरणापासून दोन जुनी यंत्रे आणि एक नल-मोडेम केबल गृहीत धरली आहे. सीरियल पोर्ट असलेले जुने डेस्कटॉप भंगारात निघालेल्या सामानात अजूनही सापडतात. ज्या यंत्रावर ब्रेकपॉइंट ठेवावयाचे त्याची डिस्क वेगळी आणावी, तिच्यावर कोणाचेही दप्तर नसावे, आणि कितीही अडचण आली तरी कचेरीतले चालू यंत्र या कामासाठी मागू नये. आणि समजा कोणी आपण होऊन देऊ केलेच, तरी नम्रपणे नाकारावे.